आकडा नंतर, आधी लॉग

वाचकाचे पत्र: निपाणीत राहतो. गेल्या वर्षी बेंगळुरूहून २०१७ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस २३० सेकंडहँड घेतली. ६२,००० किलोमीटर झालेत. गाडी पूर्ण स्टॉक (कंपनीतून आली तशीच) आहे असं आधीच्या मालकाने सांगितलं. बेळगाव-धारवाड नेहमीचं, महिन्यातून एकदा चोर्ला घाटातून गोवा. रीमॅप (इंजिनच्या संगणकातलं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवणं) करायचाय आणि तीन पर्याय समोर आहेत. एक बेळगावचा, लॅपटॉप घेऊन घरी येतो, एका तासात काम, १८,००० रुपये, ‘३०० एचपी गॅरंटी’ म्हणतो. दुसरा पुण्याचा, एका परदेशी ट्यूनिंग कंपनीचा डीलर, तयार स्टेज १ फाइल (गाडीचा एकही भाग न बदलता चालणारा मॅप), ७०,०००. तिसरा बेंगळुरूचा, डायनोवर (चाकांवरची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) गाडीप्रमाणे मॅप करून देतो, गिअरबॉक्सच्या ट्यूनसह ९५,०००, दोन दिवस गाडी ठेवावी लागेल. वडील म्हणतात, आहे ती ठीक आहे, हात लावू नकोस. कोणाकडे जाऊ?

उत्तर:

तिघांपैकी कोणालाही पैसे देण्याआधी एक गोष्ट पाहा: तुमच्या गाडीबद्दल कोण काय विचारतंय? पेट्रोल कोणतं भरता, प्लग कधी बदलले, गिअरबॉक्सचं तेल कधी बदललं, आधी कोणी फाइल टाकली आहे का, गाडी कुठल्या रस्त्यांवर जाते. हे न विचारता जो एचपी सांगतो, त्याच्याजवळ तुमच्या इंजिनबद्दल काहीच माहिती नाही. बेळगावच्या माणसाने गाडी न पाहता ३००चा शब्द दिला, तेवढ्यावरूनच आम्ही त्याला यादीतून काढू. तुमच्या इंजिनला कंपनीने २३० पीएस आणि ३५० न्यूटन-मीटर दिलेत. टर्बो, इंटरकूलर (टर्बोतली गरम हवा थंड करणारा), डाउनपाइप (टर्बोनंतरचा एक्झॉस्ट पाइप) सगळं मूळचं ठेवून आपल्याकडच्या पेट्रोलवर २७० ते २९० आणि चारशेच्या थोडं वर टॉर्क हे वास्तवातलं माप आहे. ३०० निघतच नाही असं नाही, पण मे महिन्यातल्या दुपारी संकेश्वरच्या रस्त्यावर सलग तिसऱ्यांदा गाडी ओढल्यावर तो आकडा उरत नाही.

बेळगावात कोणी चांगलं काम करूच शकणार नाही, असं आमचं म्हणणं नाही. अडचण तासाभराच्या कामात आहे. त्या तासात नेमकं काय होतं ते समजून घ्या.

घरी येणारे बहुतेक जण ओबीडी पोर्टमधून (गाडीतल्या तपासणीच्या सॉकेटमधून) लिहितात. तुमच्या ईसीयूवर, म्हणजे इंजिनच्या संगणकावर, त्या वाटेने मूळ मजकूर प्रत्यक्ष वाचला जात नाही. टूल फक्त सॉफ्टवेअर नंबर ओळखतं आणि त्या नंबरची स्टॉक फाइल सर्व्हरवरून उतरवून घेतं. याला व्हर्च्युअल रीड म्हणतात. पद्धत म्हणून ती चुकीची नाही, पण तुमच्या ईसीयूमध्ये आज काय बसलंय ते त्यातून कळत नाही. बेंगळुरूची सेकंडहँड आरएस आणि ‘पूर्ण स्टॉक’ हा तोंडी शब्द, एवढ्यावर विसंबू नका. आधीच स्टेज १ टाकलेली असण्याची शक्यता खरी आहे. ईसीयू काढून बेंचवर (गाडीबाहेर टेबलावर) पूर्ण वाचला आणि त्या नंबरच्या मूळ फाइलशी ताडून पाहिला, तरच खात्री होते. ही तुलना न करता कोणी बेंचवर वाचलेली, आधीच बदललेली फाइल स्टॉक समजून फाइल विकणाऱ्याकडे पाठवली आणि त्याने तिच्यावर आणखी काही टक्के चढवले, तर बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) आणि टॉर्कच्या मर्यादा दोनदा वाढतात. असं इंजिन सुरुवातीला फार छान ओढतं, म्हणून मालकाला शंकाही येत नाही.

दुसरी गोष्ट टूलची. नक्कल केलेली टूल बाजारात सर्रास मिळतात. त्यात चेकसम (फाइल बरोबर आहे का ते पडताळणारा आकडा) चुकणं आणि लिहिताना मध्येच थांबणं हे दोन धोके मोठे. मूळ टूलमध्येही मास्टर आणि स्लेव्ह असे दोन प्रकार असतात. स्लेव्हवाल्याने वाचलेली फाइल एन्क्रिप्टेड असते, ती फक्त त्याच्या मास्टरवाल्याला उघडता येते. म्हणजे उद्या तो माणूस फोन उचलेनासा झाला तर तुमच्या हातातली ‘मूळ फाइल’ निरुपयोगी. थेट विचारा: टूल मूळ आहे का, मास्टर की स्लेव्ह, आणि माझी मूळ फाइल दुसरा कोणी उघडू शकेल अशा रूपात पेनड्राइव्हवर देणार का?

लिहिताना बॅटरीला काय लावणार, हेही विचारा. इग्निशन चालू असताना रेडिएटरचा पंखा, पंप, दिवे मिळून बॅटरी झपाट्याने खाली येते आणि व्होल्टेज घसरलं की लिखाण अर्धवट राहून ईसीयू बंद पडतो. १३ ते १४ व्होल्ट स्थिर धरणारा, निदान ५० अँपिअरचा पॉवर सप्लाय हवा. गल्लीतल्या बॅटरीवाल्याचा साधा चार्जर किंवा दुसऱ्या गाडीची जंप केबल चालत नाही. हा प्रश्न विचारल्यावर समोरचा हसला, तर तिथून उठा.

आता गिअरबॉक्स, कारण या गाडीत खर्चाचा मोठा धोका तिथेच आहे. तुमचा सहा गिअरचा ओल्या क्लचचा डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स), डीक्यू२५०. त्याची नेमून दिलेली क्षमता ३५० न्यूटन-मीटर, म्हणजे कंपनीने आधीच काठापर्यंत वापरलेली. क्लच किती दाबायचा हे गिअरबॉक्सचा संगणक, टीसीयू, ठरवतो. आणि तो ठरवतो ईसीयूने कळवलेल्या टॉर्कवरून. काही ट्यूनर टीसीयूची मर्यादा आड येऊ नये म्हणून ईसीयूमधलं टॉर्कचं गणित बदलतात. इंजिन ४२० देत असतं आणि ईसीयू ३५० सांगतो. टीसीयू मग ३५०च्या हिशेबाने क्लच दाबतो, प्लेट घसरतात, तेल तापतं आणि काळं पडतं. काही हजार किलोमीटरनी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला धक्का जाणवू लागतो, तोवर क्लच पॅक गेलेला असतो. त्यामुळे ‘गिअरबॉक्सला काही करायची गरज नाही’ असं म्हणणाऱ्याला पुढचा प्रश्न हाच विचारा: टॉर्क मॉडेल खरं ठेवता का? प्रामाणिक ट्यूनर एक तर टीसीयूचा दाब आणि मर्यादा सोबत वाढवतो, नाही तर टॉर्क ३८०च्या आसपास रोखून धरतो. दोन्ही मार्ग चालतील.

डीक्यू२५०चं तेल आणि फिल्टर ६०,००० किलोमीटरला बदलायचं असतं. तुमचे ६२,००० झालेत. सर्व्हिस रेकॉर्डमध्ये नोंद नसेल तर बदललं नाही असंच धरा आणि रीमॅपच्या आधी करून घ्या. पाच लिटरच्या थोडं वर तेल लागतं, आणि पातळी स्कॅनरवर तेलाचं तापमान पाहूनच ठरवायची असते. अंदाजाने भरलेलं कमी पडतं. (सात गिअरच्या कोरड्या क्लचचा डीक्यू२०० असलेल्यांनी हे वाचून मोहात पडू नये. त्याची मर्यादा २५० न्यूटन-मीटर आहे आणि १.५ टीएसआय इंजिन स्टॉक अवस्थेतच तेवढा टॉर्क देतं. तिथे आमचा सल्ला सरळ नकाराचा.)

पेट्रोलचा प्रश्न आपल्या भागात पुण्या-बेंगळुरूपेक्षा अवघड आहे. शहरात १०० ऑक्टेनच्या (अवेळी सहज न पेटणाऱ्या) पेट्रोलचा पंप शोधून भरता येतो. तुम्ही जांबोटी, चोर्ला, साखळी करत गोव्याला उतरणार आणि येताना टाकी जिथे रिकामी होईल तिथे भरणार. म्हणून मॅप नेहमी हमखास मिळणाऱ्या पेट्रोलसाठी मागा, सणासुदीला मिळणाऱ्यासाठी नको. डीलरकडे बहुधा ऑक्टेनप्रमाणे वेगळ्या फाइल असतात. ९५ची फाइल घ्या. १००ची फाइल घालून साधं पेट्रोल भरलं तर नॉक सेन्सर (इंधन अवेळी पेटल्याचे ठोके ओळखणारा) स्पार्क मागे घेत, म्हणजे उशिरा करत, राहतो, एक्झॉस्ट तापतो आणि स्टॉकपेक्षा फारसा फरक न मिळता इंजिनवर ताण मात्र चढतो.

आता पेट्रोलमध्ये बहुतेक सगळीकडे २० टक्के इथेनॉल आहे. इथेनॉल नॉकिंगला चांगला विरोध करतं, पण हवेच्या त्याच मापाला इंधन जास्त लागतं. शुद्ध पेट्रोलचं प्रमाण १४.७ला १, ई२०चं साधारण १३.६ला १. म्हणजे वजनाने सात-आठ टक्के जास्त इंधन. स्टॉक मॅपवर पंपाला ही मोकळीक असते. रीमॅपमध्ये बूस्ट वाढवला की हाय-प्रेशर पंपावर दोन्ही बाजूंनी भार येतो. या इंजिनात रेल प्रेशर (इंजेक्टरला मिळणाऱ्या इंधनाचा दाब) २०० बारपर्यंत जातं. पूर्ण थ्रॉटलवर ५,५००च्या पुढे मागणी २०० आणि प्रत्यक्षात १७० दिसत असेल, तर तो मॅप तुमच्या पेट्रोलला जास्त आहे. शिवाय २०१७ची गाडी ई२०साठी बनलेली नाही, हेही ट्यूनरला माहीत असायला हवं.

उंचीचं कोणी विचारत नाही, पण तुमच्या गोव्याच्या प्रवासात ती खूप बदलते. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर आहे आणि हवेचा दाब तिथे ०.९३ बारच्या आसपास असतो. चोर्ला उतरला की १.०१. इंजिनला एकूण २.३ बार दाब हवा असेल तर टर्बोला गोव्यात २.२८ पट दाबायचं काम, बेळगावात २.४७ पट. म्हणजे तोच आकडा गाठायला घाटमाथ्यावर टर्बो जास्त वेगाने फिरतो आणि हवा जास्त तापवतो. नीट केलेल्या मॅपमध्ये दाबाच्या या गुणोत्तराला वरची मर्यादा असते आणि उंचीवर बूस्ट थोडा आपोआप कमी होतो. ‘गोव्यात आणि बेळगावात सारखीच ओढेल’ असं कोणी सांगितलं तर त्याने ती मर्यादा काढली आहे का, ते विचारा.

याच उंचीमुळे डायनोचे कागदही फसवतात. बेंगळुरू ९०० मीटरच्या आसपास आहे. डायनोचं सॉफ्टवेअर हवेच्या दाबाप्रमाणे दुरुस्ती करून समुद्रसपाटीचा आकडा छापतं. बिनटर्बो इंजिनासाठी ती दुरुस्ती बरोबर आहे. टर्बोने मात्र विरळ हवेची भरपाई बरीचशी आधीच केलेली असते, त्यावर पुन्हा दहा टक्क्यांच्या आसपास भर पडते. कागदावर २५-३० एचपी असेच वाढतात. म्हणून चाकावरचा, दुरुस्ती न केलेला आकडा मागा, आणि स्टॉक व रीमॅप दोन्ही रन त्याच दिवशी, त्याच डायनोवर, त्याच गिअरमध्ये घेतलेले हवेत. एकच रन दाखवला तर उपयोग नाही. तीन रन सलग घ्यायला सांगा. तिसऱ्यात किती पडला, ते पाहिलं की इंटरकूलर आणि मॅप दोन्हीची पत कळते.

डायनोचा आकडा बाजूला ठेवला तरी लॉग, म्हणजे गाडी ओढताना सेन्सरनी नोंदलेले आकडे, मात्र हवाच. बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत जॉब ताब्यात घेताना मापाचा रिपोर्ट मागतात, तसाच हा मागायचा. त्यात आरपीएम, मागितलेला आणि प्रत्यक्ष बूस्ट, स्पार्क टायमिंग, प्रत्येक सिलिंडरमागे नॉकमुळे मागे घेतलेले अंश, लॅम्डा (हवा-इंधनाचं प्रमाण), आत जाणाऱ्या हवेचं तापमान आणि रेल प्रेशर एवढे रकाने असावेत. वाचायचं असं: एखाद्या सिलिंडरने मधूनच एक-दोन अंश मागे घेतले तर काळजी नाही. चारही सिलिंडर पूर्ण भारावर सतत चार-पाच अंश मागे घेत असतील, तर पेट्रोल किंवा मॅप यांपैकी एक बदलायला हवं. एकच सिलिंडर मागे राहत असेल तर आधी प्लग आणि कॉइल बघा. पूर्ण थ्रॉटलला लॅम्डा साधारण ०.८ ते ०.९. प्रत्यक्ष बूस्ट मागणीच्या वर उसळून मग खाली येत असेल तर वेस्टगेटचं (टर्बोचा दाब आवरणाऱ्या झडपेचं) नियंत्रण कच्चं आहे. मागणीच्या खालीच राहत असेल तर पाइपमध्ये गळती शोधा.

हा लॉग हायवेवर काढायला देऊ नका. तिसऱ्या गिअरमध्ये रेडलाइनपर्यंत ओढली की तुम्ही वेगमर्यादेच्या खूप पुढे असता, आणि गाळपाच्या हंगामात निपाणी-संकेश्वर पट्ट्यात अंधारात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या मागच्या दिव्याशिवाय चालतात. डायनोवरच काढा.

लॉगमधली एक जागा विशेष बघायची: १,५०० ते २,५०० आरपीएम. थेट इंजेक्शनच्या टर्बो इंजिनात कमी आरपीएमला एकदम मोठा टॉर्क मागितला की स्पार्कच्या आधीच मिश्रण पेटण्याचा धोका असतो. त्याने पिस्टनच्या रिंगांमधली भिंत तुटते आणि नॉक सेन्सरला सावरायला वेळच मिळत नाही. कनेक्टिंग रॉडवरही खरा ताण येतो तो याच भागात, वरच्या एचपीत नाही. पण टेस्ट ड्राइव्हमध्ये ‘काय पंच आहे’ असं वाटायला लावणारी जागाही हीच, म्हणून स्वस्त फाइल इथेच ठोकून भरलेल्या असतात. चांगला ट्यूनर टॉर्क २,५००पर्यंत उताराने चढवतो. गाडी खालून थोडी शांत वाटेल, ते बरोबर आहे.

काही गोष्टी फुकट देऊ केल्या तरी नाकारा. एक्सलरेटर सोडल्यावर फटाके वाजवणारा मॅप म्हणजे पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जाळणं. त्यात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, टर्बो आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तिन्ही झिजतात. कॅट काढून त्याचा कोड बंद करणं, नॉक सेन्सरची संवेदनशीलता कमी करणं, रेव्ह लिमिट वाढवणं, तापमानाची संरक्षणं उठवणं, यांतलं काहीही नको.

कायद्याचंही स्पष्ट सांगायला हवं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करतं आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ(४)मध्ये मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. सॉफ्टवेअर बाहेरून दिसत नाही म्हणून ते यात येत नाही, असं धरू नका. विमा कंपनीला लेखी कळवा आणि उत्तर हातात घेऊनच पुढे जा. न कळवता अपघात झाला आणि सर्व्हेअरने ईसीयू तपासायला लावला, तर दावा अडकू शकतो. वडिलांच्या आक्षेपातला हा भाग अगदी योग्य आहे आणि विमा कंपनीने नाही म्हटलं तर आमचाही सल्ला त्यांच्याच बाजूचा.

विमा कंपनीने होकार दिला, असं धरून पुढचा क्रम सांगतो. आधी स्टॉक मॅपवरच गाडी तपासून घ्या. सगळे फॉल्ट कोड आणि मिसफायरचे आकडे, इनटेकच्या पाइपची धुराने गळती तपासणी, चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन. या इंजिनात वॉटर पंप आणि थर्मोस्टॅटचं प्लॅस्टिकचं घर गळण्याची सवय आहे, कूलंट हळूहळू कमी होत असेल तर ते आधी बदला. प्लग नवे घाला, गॅप ०.७ मिलिमीटरच्या आसपास. बूस्ट वाढल्यावर जास्त गॅपमध्ये ठिणगी विझते. ब्रेक फ्लुइड दोन वर्षांपेक्षा जुनं असेल तर बदला, चोर्ला उतरताना त्याची गरज पडते. मग स्टॉकवर, नेहमीचं पेट्रोल टाकून लॉग काढा. स्टॉकवरच नॉक दिसत असेल तर रीमॅप थांबवा आणि कारण शोधा.

आता पुणे की बेंगळुरू? ‘गाडीप्रमाणे मॅप’ ऐकायला मोठं वाटतं, पण तुमच्या गाडीत बदललेला एकही भाग नाही. अशा गाडीसाठी त्याच इंजिनावर वर्षानुवर्षं चाचणी झालेली तयार फाइल बहुधा जास्त सुरक्षित असते. दोन दिवसांत कोणालाही थंडी, उन्हाळा, घाट आणि वेगवेगळं पेट्रोल तपासून होत नाही. मोठा टर्बो किंवा डाउनपाइप असता तर आम्ही डायनोवाल्याकडे पाठवलं असतं. शिवाय निपाणीहून पुणे बेंगळुरूच्या साधारण निम्म्या अंतरावर आहे आणि दुरुस्तीसाठी परत जावं लागलं तर ते महत्त्वाचं ठरतं. म्हणून पहिली पसंती पुणे, पण चार अटींवर: ९५ ऑक्टेनची फाइल, टीसीयूचा ट्यून सोबत, आधीचा आणि नंतरचा लॉग, आणि आधी ईसीयू वाचून तो खरंच स्टॉक आहे याची लेखी खात्री. तयार फाइलवाले नंतरचा लॉग देत नाहीत ही नेहमीची तक्रार आहे. यानेही दिला नाही, तर २५,००० जास्त देऊन बेंगळुरूला जा, कारण टीसीयू धरून तेवढाच फरक उरतो किंवा त्याहून कमी. ऑक्टेनची आणि ईसीयू वाचण्याची अट तिथेही तीच.

बिल जीएसटीसह घ्या. त्यावर ईसीयूचा हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर नंबर, फाइलचं नाव व ऑक्टेन लिहून घ्या. शोरूमने सर्व्हिसला सॉफ्टवेअर अपडेट मारलं तर तुमचा मॅप पुसला जातो, तो पुन्हा टाकून देणार का आणि किती पैसे, हेही त्यावरच असू द्या. परत स्टॉकला जायचं झालं तर तेही.

मॅप टाकल्यावर पहिली टाकीभर पूर्ण थ्रॉटल देऊ नका, इंधनाचे ट्रिम (ईसीयू स्वतः करत असलेली इंधनाची दुरुस्ती) बसू द्या. ५००-७०० किलोमीटरनी, एकदा चोर्ल्यातून जाऊन आल्यावर, दुसरा लॉग काढा आणि पहिल्याशी ताडून पाहा. पाचव्या गिअरमध्ये २,००० आरपीएमवरून जोर दिल्यावर वेग न वाढता आरपीएम उसळला तर क्लच घसरतोय, गाडी तशीच चालवू नका. इंजिन ऑइल १५,००० ऐवजी ७,५००ला बदला, फोक्सवॅगनच्या ५०२ ०० किंवा ५०४ ०० मान्यतेचंच, आणि दर हजार किलोमीटरला पातळी बघून लिहून ठेवा.